दोरी

"डोळे मिटा आणि हात वर करून करायचं एखादं रोजचं काम मनात आणा," थेरपिस्टबाई म्हणायच्या. मेंदूला चेतवणारं चुंबकाचं यंत्र डोक्याशी टिकटिकायला लागायचं आणि ती तरंगत बाल्कनीत पोचायची. ओल्या चादरींना वजनच नसायचं. दोरी ढगांना बांधलेली असायची, तरी हात पोचायचा.

जागेपणी मात्र तिच्याच शरीराने तिच्या स्नायूंशी वैर धरलं होतं. आजारात हात वर जाईनात, तेव्हा नवऱ्याने बाल्कनीतली दोरी छातीएवढी खाली बांधून दिली. त्या दोरीवर रोज एक रुमाल वाळत घालायचा, हा घरचा व्यायाम. तोही ती डोळे मिटूनच करायची. तेवढंच स्वप्नात असल्यासारखं वाटायचं.

सहा महिन्यांनी तिचा धीर सुटला. "पहिल्या दिवशी हात जेमतेम पोचला होता, आजही जेमतेमच पोचतो. कशाला त्या मेंदूला ठोके द्यायचे? उद्यापासून मी जाणार नाही."

"बरं, नको जाऊस," नवरा म्हणाला. "आधी इकडे ये."

बाल्कनीत त्याने भिंतीलगत वाळत घातलेली चादर बाजूला सरकवली. भिंतीवर खिळ्यांची भोकं होती, एकावर एक, बोटाबोटाच्या अंतराने चढत गेलेली.

"दर रविवारी तू अंघोळीला गेलीस की एक," तो म्हणाला.

भोकं मोजता मोजता तिची मान वर गेली. आजारपणाआधीच्या जुन्या, गंजक्या खिळ्याला दोरी बांधलेली होती, आणि तिच्यावर आजचा रुमाल डोलत होता.