आलेच हं

"कुमुद, पेपर वाचून दाखवणार आहेस ना? चष्मा शोधायला एवढा वेळ? मंद आहेस नुसती!" दिवाणखान्यातल्या कॉम्प्युटरमधून गुप्ते सर ओरडले.

सर जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचं मन मात्र त्या कॉम्प्युटरच्या डब्यात उतरवून शाबूत ठेवलं होतं. शाळेत ते ड्रिल मास्तर. घरीही गळ्यात स्टॉपवॉच असायचं. भाकरी ताटात पडेपर्यंत ते बायकोचा वेळ मोजत बसायचे आणि पाहुण्यांसमोर निकाल सांगायचे.

आज कुमुदताई उठून कॉम्प्युटरपाशी गेल्या. मशीन थंड ठेवणारा मोठा पंखा त्यांनी सकाळीच आत बसवला होता. आता नवशिक्यांसाठीच्या व्हिडिओत सांगितलं होतं तसा त्यांनी प्रोसेसरचा वेग एकेक पायरी चढवला, आणि प्रत्येक पायरीला थांबून तापमान पाहिलं. घाई केली तर मशीन बंद पडतं, आणि ते त्यांना मुळीच नको होतं. वेग वाढला, की बाहेरचा एक क्षण आतल्या माणसाला अख्ख्या दिवसाएवढा लांब होतो.

"आलेच हं," म्हणून त्या चष्मा आणायला गेल्या.

परत आल्या तेव्हा पडदा सरांच्या बोलण्याच्या ओळींनी भरला होता. आधी शिव्या, मग हुकूम, मग विनवण्या. सगळ्यात खाली एकच ओळ होती: "कुमुद, सावकाश ये. पण ये गं."

कुमुदताईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. वेग आणखी एक पायरी चढवला. मग मोड आलेल्या कडव्या वालांचं पातेलं पुढ्यात ओढून म्हणाल्या,

"आलेच हं. एवढे वाल सोलते."