पांढरा पडलेला व्हॉल्व्ह

भिवपुरीच्या वीजघराच्या चाळीत जयवंताबाईंचा बंद पडलेला रेडिओ शेजारच्या झहीरने उघडला, तर आवाज वाढवणाऱ्या व्हॉल्व्हची, दिव्यासारख्या नळीची, काच तडकलेली आणि आतला चंदेरी मुलामा हवा शिरून दुधासारखा पांढरा झालेला. घरात बसल्या जागी काच कशी तडकली, हेच त्याला कळेना. लढाईमुळे बाजारात नवा मिळेना, म्हणून त्याने स्वतःच्या रेडिओतला काढून बसवला. आज आघाडीवरच्या शिपायांचे निरोप त्यांच्याच आवाजात लागणार होते. रेडिओ तापला, खरखरला आणि निवेदकाने बाईंच्या मुलाचं, वाल्मिकचं नाव घेतलं. नजर लागू नये म्हणून बाईंनी रोजच्यासारखं देवापुढचं तीर्थ रेडिओच्या वरच्या जाळीवर शिंपडलं. “मावशी, नको,” झहीर म्हणेपर्यंत तापलेली काच टचकन तडकली, मुलामा पांढरा पडला आणि आवाज गेला. “मावशी, रेडिओ…” झहीर म्हणाला. बाईंनी रेडिओला कान लावला. “गप रं,” त्या म्हणाल्या, “माजा पोरगा बोलंल आता.”