बाईंच्या गल्लीचा विषय

बाई पालिकेच्या सभागृहातल्या प्रेक्षक गॅलरीत पहिल्या रांगेत येऊन बसलेल्या दिसल्या आणि नगरसेवकाने मान खाली घालून कागद चाळायला घेतले.

आजचा शेवटचा विषय त्यांच्याच गल्लीचा होता. गल्ली रुंद करायची, म्हणजे एका बाजूच्या घरांच्या पुढच्या खोल्या पाडायच्या. त्यात बाईंची खोलीही जात होती. त्याच खोलीत बसून तो सातवीचं गणित शिकला होता. शाळेने तेव्हा त्याच्यापुढे हात टेकले होते, बाईंनी टेकले नव्हते.

चहाच्या सुट्टीत तो जिना चढून वर गेला.

"बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात? मी आहे ना!"

"घरी बसवेना रे. आज नक्की होईल ना निर्णय?"

"होणारच. मी सोडतो का!"

"ह्यांच्यापाशी शेजारीण बसलीय. तिला तरी किती अडकवायचं?" बाईंनी पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. "मी तुझ्या ऑफिसात येऊन गेले होते. तू फोनवर होतास. मला म्हणायचं होतं की..."

"मला सगळं ठाऊक आहे, बाई. तुम्ही एक अक्षरही बोलू नका."

शाळेत त्याला सगळे उतावळ्या म्हणत. फळ्यावर गणित पुरतं उतरायच्या आत याचा हात वर. उत्तर बहुधा चुकलेलं असे, पण हात सगळ्यात आधी. हे नाव गल्लीत अजून टिकून होतं. निवडून आल्यापासून ते कोणी तोंडावर घेत नसे, एवढंच.

"आणि समजा," बाईंनी आवाज खाली आणला, "आज फेटाळला, तर पुन्हा कधी येतो हा विषय?"

"पुन्हा? एकदा फेटाळला की बासनात! मग वर्षानुवर्षं कोणी नाव काढत नाही."

बाईंनी पिशवीचा बंद बोटावरून सोडवला आणि पुन्हा गुंडाळला. या वयात माणसाच्या जिवाला असा घोर लागू नये, असं त्याला मनापासून वाटलं.

खाली उतरतो तोच गटनेत्याने त्याला खांबाआड घेतलं.

"रस्त्याच्या बाजूने हात वर करायचा. वरचा आदेश आहे."

"पण माझ्या वॉर्डातले लोक..."

"लोक पुढच्या निवडणुकीत मतं देतील, तिकीट आम्ही देतो. उगाच शहाणपणा नको."

नगरसेवकाने घाम पुसला. सकाळी बायकोनेही तेच बजावलं होतं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नका, म्हणाली होती. तेव्हा त्याने हो म्हटलं होतं आणि आता ते हो घशात अडकून बसलं होतं.

विषय पुकारला गेला. अभियंता नकाशा घेऊन उभा राहिला.

"गल्ली फार अरुंद आहे. मोठी गाडी आत वळतच नाही..."

"गल्लीत मोठी गाडी आहे कोणाकडे?" नगरसेवक जागेवरूनच ओरडला.

हशा पिकला. अभियंत्याने बोलायचा पुन्हा प्रयत्न केला, पण हसण्याच्या गलक्यात त्याचं कोणी ऐकलं नाही. अखेर तो नकाशा गुंडाळून खाली बसला.

मग नगरसेवक बोलायला उभा राहिला. गटनेता डोळे वटारून बघत होता. पण नगरसेवकाचं तोंड एकदा सुटलं की त्याचं त्यालाही आवरत नसे. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं शिकवणाऱ्या बाईचं घर आपण तोडणार का, असं त्याने विचारलं.

"त्या घरात त्यांचे यजमान अंथरुणाला खिळून आहेत. भिंतीवर घण पडायला लागले, की त्या माणसाने जायचं कुठे?"

सगळ्यांच्या माना गॅलरीकडे वळल्या. बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी काही बोलायला हात वर केला, पण शिपायाने त्यांना खाली बसवलं. प्रेक्षकांना बोलायची मुभा नसते. बाईंचे डोळे भरून आलेले नगरसेवकाने खालूनही पाहिले, आणि भाषण अर्धवट सोडून तो खाली बसला.

ते न बोललेलंच कामी आलं असावं.

अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. मोजले, पुन्हा मोजले. गटनेत्याच्या मागच्या रांगेतले दोघे मान खाली घालून बसले होते. त्यांचे हात काही वर आले नाहीत.

"रस्त्याचा प्रस्ताव एका मताच्या फरकाने फेटाळण्यात येत आहे."

बाकं वाजली. गटनेता जाता जाता त्याच्या कानाशी वाकला.

"आता तुझं तू बघ."

तिकीट गेलं, हे उघडच होतं. घरी बायकोला काय सांगायचं, तेही सुचत नव्हतं. तरी नगरसेवकाला किती वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. एकदा तरी आपण बरोबर उत्तर दिलं, असं म्हणत तो धापा टाकत जिना चढला.

गॅलरी रिकामी झाली होती. बाई तेवढ्या बसून होत्या.

"बाई, वाचलं घर! आता तुमच्या भिंतीला कोणी बोट लावत नाही!"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या रागावल्या नाहीत. वर्गातही त्या फारशा रागवत नसत.

"पुढची खोली मी कालच रिकामी करून ठेवली रे," त्या म्हणाल्या. "रस्ता झाला असता, तर अँब्युलन्स दारापर्यंत आली असती. ह्यांना खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत उचलून न्यायला आता माणसं मिळत नाहीत."