एकाच तलावाचे दोन नकाशे

"बघा भाऊ, पाळ उचलली," रोशनी म्हणाली.

तिने नव्या सॉफ्टवेअरमध्ये पाळीची, म्हणजे तलावाच्या बांधाची, उंची एकाच ठिकाणी बदलली होती. पडद्यावर तलावाचे सगळे छेद आपोआप बदलले. शेजारच्या जुन्या कॉम्प्युटरवर वामनराव तेच काम सकाळपासून एकेक छेद पुसून, पुन्हा काढून करत होते.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आन् ह्याच्यात बटणं किती बाई! चामोर्शीचा बाजार भरल्यावानी. मले तं रेघ काढाचंच बटण सापडत नाई."

"शिकवीन ना मी."

"दिवाळीपासून शिकवूनच राह्यली तू."

ते हसले. रोशनीला हसू आलं नाही.

चंद्रपूरच्या त्या छोट्या ऑफिसात नकाशे काढणारे हे दोघंच. सिंदेवाहीकडच्या जुन्या तलावांच्या दुरुस्तीची कामं यायची. जुन्या सॉफ्टवेअरवर वामनरावांचा हात बसलेला. रोशनीला ते जेमतेम यायचं. नवं ती शिकून आली होती. ऑफिसच्या मालकांनी, बोरकर सरांनी, ते चाचणीसाठी आणलं होतं. एकच तलाव दोन्हींत काढायचा आणि कोणतं ठेवायचं ते आज संध्याकाळी सांगायचं. नवं आलं तर वामनरावांचं काय, हे कोणी बोललं नव्हतं. त्यांच्या धाकटीचं नर्सिंग अजून व्हायचं होतं.

पौर्णिमा होती. रोशनीचा उपोसथ, बौद्धांचा उपवास, होता. अंगावर पांढरी साडी, दुपारनंतर पोटात अन्न नाही. रोज सकाळी ती पंचशील घ्यायची, आणि घेतलेलं पाळायची. ऑफिसात त्याची थट्टा व्हायची. साइटवरचा मिथुन म्हणायचा, "ठेकेदाराचा फोन आला तं रोशनीताईले उचलू नोका देऊ. मी घरी झोपलो हाव, हे सांगून टाकल ते!"

संध्याकाळपर्यंत तिचे डोळे चुरचुरायला लागले. नवं जलद होतं. चूक झाली की स्वतःच दाखवत होतं. जुन्या फायली त्यात उघडत होत्या. नव्याची फाइल मात्र जुन्यात उघडत नव्हती. तुलना करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

वामनराव आधी सरांकडे जाऊन आले. पिशवी खांद्याला लावत म्हणाले, "थकलो बाई. सरनं मलेबी विचारलं. सांगितलं मी माह्या मनातलं." दारात वळले. "तू खरं तेच सांगजो. तुही सवय मोडू नोको."

ती आत गेली. दारातच तिने चौथं शील, खोटं न बोलण्याचं, मनात म्हणायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं.

"बोल," सर म्हणाले.

"जुनंच ठेवा, सर."

"नवं नको?"

"फार अडकतं. आपल्या कामाला जुनंच बरं." आवाज नेहमीसारखाच शांत निघाला. तिचं तिलाच नवल वाटलं.

"नक्की?"

"हो."

"मला आता एकालाच ठेवणं झेपेल, रोशनी. जुनं ठेवलं तर वामनराव, नवं घेतलं तर तू. त्यांना हे सांगूनच विचारलं, तुला मुद्दाम सांगितलं नाही. ते म्हणाले, डोळे मिटून नवं घ्या." सरांनी मान खाली घातली. "पण तू खोटं बोलत नाहीस."