धरणापल्याडचा डबा

येलदरीच्या चढाचं शेवटचं वळण आलं आणि बन्सीधरचा डावा हात सवयीनं गिअरच्या दांड्याकडं गेला. सायकलला कुठला आलाय दांडा? हात हवेत चाचपडून परत हँडलवर आला. सायकल जरा डगमगली, पण पडली नाही. मागून येणाऱ्या त्याच्या सुनेच्या, राजेश्रीच्या तोंडून ‘अगं बाई’ निघून गेलं.

एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. जिंतूर ते येलदरीचं धरण, याच रस्त्यानं किती खेपा केल्या त्याची मोजदाद नाही. पण धरणाचं पाणी एकदा मनसोक्त बघितलं असेल तर शपथ. गाडी माथ्यावर आली की सगळे प्रवासी खिडक्यांतून मुंडकी काढायचे आणि हा बापडा समोरच्या डांबराला डोळे लावून बसायचा. पन्नास जिवांचा धनी पाण्याकडं बघत बसला तर कसं व्हायचं? आणि मग शाळेत खेळ शिकवणाऱ्या राजेश्रीनं तीन दिवसांच्या सायकल सहलीचा बेत काढला. डोंगरातनं येलदरी, तिथून पाण्याच्या कडेकडेनं सिद्धेश्वरचं धरण, आणि त्याच वाटेनं माघारी. बन्सीधरला त्या रात्री झोपच लागली नाही, इतका तो हरखला.

पोरगा महारुद्र मात्र बिथरला. बासष्टीचं वय, कुरकुरणारे गुडघे, आणि हे काय नवं खूळ, म्हणाला. बोलाबोलीत बन्सीधरचं डोकं सटकलं. येलदरीच्या चढावर पाय टेकला तर टेम्पो घेऊन ये आणि सोयाबीनच्या पोत्यासारखं टाकून मला घरी पेडगावला ने, असं तो सगळ्या घरासमोर बोलून बसला. महारुद्रनं तेवढाच शब्द पकडला. पंच म्हणून स्वतःच्या बायकोलाच नेमलं, कारण राजेश्रीला खोटं बोलता येत नाही हे साऱ्या पेडगावला ठाऊक.

आता माथा उरला होता वीस-पंचवीस पावलं. छाती भात्यासारखी चालली होती, मांड्या पेटल्या होत्या, घाम डोळ्यांत उतरत होता. पण आतून असं काही उसळत होतं की मोठ्यानं आरोळी ठोकावी. जमतंय की! गुडघ्यांना कोण विचारतो? राजेश्री मागून ‘थोडंच राहिलं मामा, थोडंच राहिलं’ म्हणत होती आणि तिचा आवाजही आनंदानं कापत होता.

तेवढ्यात बाभळीखाली उभ्या असलेल्या एका म्हातारीनं हात केला.

झालं. डोक्यानं काही ठरवायच्या आत बोटांनी ब्रेक दाबले. हात केलेल्या माणसाला रस्त्यावर सोडून बन्सीधरनं कधी गाडी पुढं काढली नव्हती. बोटांना दुसरं काही येतच नव्हतं. सायकल जागच्या जागी थांबली आणि त्याचा पाय डांबरावर टेकला. मग त्याला काय झालं ते कळलं. मागं वळून बघितलं तर राजेश्री कपाळाला हात लावून उभी.

म्हातारीला यातलं काय माहीत? धुरपताबाई तिचं नाव, खालच्या वस्तीवरची. तिनं त्याला निरखलं, ओळखलं, आणि कालच भेटल्यासारखी बोलली.

“लय दिसानं आलात ड्रायव्हरसाहेब. आज गाडी ल्हान आणली?”

सकाळपासून दोन गाड्या भरगच्च गेल्या, असं तिनं सांगितलं. धरणापल्याडच्या गावात तिची लेक बाळंत झाली होती. डिंकाचे लाडू करून ठेवलेले, पण न्यायला माणूस मिळेना. बन्सीधर नोकरीत होता तेव्हा असे डबे इंजिनाच्या बोनेटवर ओळीनं मांडून न्यायचा. शिकणाऱ्या पोरांचे, दवाखान्यातल्यांचे. एक डबा कधी चुकला नाही. आताही त्यानं लेकीचं नाव आणि घराची खूण तेवढी विचारली आणि फडक्यात बांधलेला डबा सायकलच्या मागं दोरीनं आवळला.

उरलेला चढ त्यानं सायकलवर बसूनच काढला. आणि वर आल्यावर त्याचं तोंड उघडंच राहिलं. केवढं ते पाणी! डोंगरांच्या बेचक्या-बेचक्यांत शिरलेलं, उन्हात लखलखणारं, मधल्या टेकड्यांची बेटं करून टाकलेलं. बन्सीधर हसत होता आणि डोळेही पुसत होता. घाई नव्हती, मागं घंटी मारणारा कंडक्टर नव्हता. पोटभर बघितलं त्यानं.

“मामा, फोन करावा लागंल,” राजेश्री हळूच म्हणाली.

त्यानं मान हलवली. तिनं फोन लावला आणि खरं तेच सांगितलं. महारुद्र म्हणाला, टेम्पो काढलाच, बापूला तिथंच बसव. बन्सीधरनं फोन मागून घेतला.

“टेकला रे बाबा पाय, खोटं कशाला बोलू? पर डबा घेतलाय. डबा घेतलेली गाडी मी अर्ध्यातून माघारी फिरवलेली तुला आठवती का?”

महारुद्रच्या कॉलेजची तीन वर्षं त्याच बोनेटवरच्या डब्यावर गेली होती. तो नरमला. बरं, पोचवा डबा, म्हणाला, पण तिथून माघारी टेम्पोनंच यायचं.

“टेम्पो कशाला?” बन्सीधरनं सायकलवर टांग टाकली. “लेक काय आईचा डबा रिकामा धाडंल का? त्यो बी पोचवायचा हाय की.”