सुती पट्टी

“पैलवानाची लेक भीत नसते गं!” लहानपणी तालमीतली माती कपाळाला लावताना अप्पा म्हणायचे. ते प्रीतीच्या मनात रुतलं होतं. म्हणून तारिहाळच्या बॉक्सिंग क्लासात मास्तरनं पहिल्याच दिवशी तिला तयार पोरीपुढं उभं केलं, तेव्हा ती तशीच लढायला उतरली. ओठ फुटला. “हीच खरी तालीम!” अप्पा खूश. आज आईच्या हट्टानं बापलेक केलगेरीतल्या दुसऱ्या क्लासात आले होते. इथली कोच अक्का हातमोजे देईचना. प्रीतीच्या मुठीभोवती सुती पट्टी वेणी घातल्यासारखी गुंडाळत राहिली. “मूठ सैल सोड. भीती वाटते?” प्रीतीनं अप्पांकडं पाहिलं. “वाटते.” “बरं झालं सांगितलंस. आधी पाय टाकायला शिकू, ठोसे पुढं.” प्रीतीचा श्वास मोकळा झाला. अप्पा पट्टीकडं बघत राहिले. “इथंच घालू हिला,” म्हणाले. मग हळूच, “पोरी, माझ्या पहिल्या कुस्तीला मी कडब्याच्या गंजीमागं लपलो होतो.”