पत्रिकेवरचं पहिलं नाव

ढग्यांची भावकी म्हटलं की कंधारच्या प्रेसवाल्या माधवरावांना धडकीच भरायची. लग्नपत्रिकेवर पहिलं नाव कोणाचं, यावरून त्यांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीत अशी जुंपली होती की मांडव मोडला, चौघांची डोकी फुटली. तेवढ्यात सुभेदार आप्पासाहेब फौजेतून निवृत्त होऊन गावी आले. ते जन्मले थोरल्या पातीत अन् दत्तक गेले धाकटीत, म्हणून दोघांनाही आपलेच. मिशीवर हात फिरवून त्यांनी एकच हुकूम काढला, "पहिलं नाव माझं. बाकीच्यांनी लायनीत उभं राहायचं."

मग अकरा वर्षं भावकीत त्यांचंच राज्य. बारसं असो की वास्तुशांती, कार्डावर सगळ्यात वर सुभेदार.

परवा सुभेदार वारले. तेरवीचं कार्ड छापायला दोन्ही पात्या प्रेसवर आल्या. माधवरावांनी सवयीनं विचारलं, "निमंत्रक म्हणून पहिलं नाव कोणाचं?" आणि लगेच जीभ चावली. बाह्या वर सरकल्या. एकानं तर स्टूलच उचललं. माधवराव नव्या काचेच्या कपाटापुढं आडवे आले, "अहो, दोघांनाबी चालंल असं एक तरी नाव हाय का न्हाई तुमच्यात?"

स्टूल खाली आलं. दोन्ही पात्या एका सुरात बोलल्या. माधवरावांनी मुकाट्यानं टाइप केलं:

'माझ्या तेरवीच्या गोडजेवणास सहकुटुंब येण्याचे करावे. आपला नम्र, कै. सुभेदार आप्पासाहेब ढगे.'